व्हॉल्व्हची बैठक : प्रस्तावना

इंजिनाच्या हेडामध्ये ज्या जागी व्हॉल्व्ह येऊन टेकतो ती जागा, म्हणजे कारखान्यातील मंडळींच्या बोलीत ‘सीट’ आणि साध्या मराठीत व्हॉल्व्हची बैठक, रुंदीने जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढी असते. आणि तरीही एवढ्याशा कड्यावर त्या यंत्राचा सारा कारभार अवलंबून असतो. इंग्लंडातील डर्सली गावी लिस्टर कंपनीने बनविलेले आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी ज्याच्या असंख्य प्रतिकृती काढल्या ते मिनिटाला 650 फेऱ्यांचे संथ डिझेल इंजिन घेतले, तरी त्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांमागे एकदा, म्हणजे मिनिटाला 325 वेळा आणि तासाला साडेएकोणीस हजार वेळा आपल्या बैठकीवर आदळतो. विहिरीवर आठ तास पंप चालविणाऱ्या शेतकऱ्याने संध्याकाळी इंजिन बंद केले म्हणजे त्या कड्याने दीड लाखाहून अधिक आघात सोसलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारताच त्याने पुन्हा तितक्याच निमूटपणे वायू अडवून धरावा अशी आपली अपेक्षा असते.

आघात सोसणे हे या बैठकीचे एकच काम असते तर गोष्ट सोपी होती. परंतु तिच्यावर दुसरीही एक जबाबदारी आहे, आणि ती पहिलीच्या नेमकी उलट्या दिशेने ओढते. धुराड्याकडचा, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह काम करीत असता सातशे अंश सेल्सियस किंवा त्याहूनही अधिक तापतो, आणि त्याच्या डोक्यात साठलेल्या उष्णतेपैकी सुमारे तीनचतुर्थांश उष्णता, तो मिटलेला असतो तेवढ्या अल्पावधीत, या बैठकीच्या वाटेनेच हेडात आणि तेथून पाण्यात किंवा हवेत उतरते. कडे अरुंद असेल तर स्प्रिंगचा दाब थोड्या जागेवर एकवटतो, व्हॉल्व्ह घट्ट मिटतो आणि मध्ये आलेला काजळीचा कण चिरडला जातो. कडे रुंद असेल तर उष्णतेला उतरावयास प्रशस्त वाट मिळते, पण दाब विखुरतो आणि कार्बन साचू लागतो. या दोन मागण्यांमधील तडजोड म्हणून सामान्यतः इनलेटची बैठक एक ते दीड आणि एक्झॉस्टची दीड ते दोन मिलिमीटर ठेवण्याची वहिवाट पडली आहे. अर्ध्या मिलिमीटरचा हा मामला आहे. आणि घरच्या ओट्यावर, अपुऱ्या उजेडात, हाताच्या जोरावर तो मिटवावयाचा असेल तर हत्यार कोणते घ्यावे, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत पुस्तिकेने हाती घेतला आहे.

हा प्रश्न स्वतंत्र पुस्तिकेच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका कोणी घेईल तर तिला उत्तर म्हणून मी माझीच फजिती सांगतो. तरुणपणी माझ्याकडे एक जुनी बुलेट होती; 1955 पासून मद्रासेत जुळविली जाऊ लागलेली, 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकची ती 346 सीसीची गाडी आजही महाराष्ट्रातील कित्येक घरांत कुटुंबातील वडीलधाऱ्यासारखी नांदते. तिचे कॉम्प्रेशन गेले, किकला पायाखाली प्रतिकार लागेनासा झाला, आणि मी बाजारातून आणलेली रबरी चोषणीची एक काठी व दुतोंडी डबीतला व्हॉल्व्ह पेस्ट, एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस बारीक, एवढ्या भांडवलावर हेड उतरविले. एक्झॉस्टच्या बैठकीवर दोन ठिकाणी खळगे पडले होते. ते जाईपर्यंत घोटावयाचे असा निश्चय करून सलग दोन संध्याकाळी मी तळहातांत काठी फिरवीत बसलो, आणि अखेर खळगे गेले. मात्र त्यांच्या जागी जवळजवळ तीन मिलिमीटर रुंदीचा एक मळकट राखाडी पट्टा उमटला, आणि व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर नखाला लागेल अशी खाच पडली. पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहिले तर थेंबभरही झिरपेना, तेव्हा मला कृतकृत्य वाटले. गाडी चालू झाली, आठवडाभर धावली, आणि मग गरम झाली की पुन्हा पूर्वीसारखीच ढिली पडू लागली.

तेच हेड मी कोल्हापुरातील एका वृद्ध मिस्त्रींच्या पुढ्यात नेऊन ठेवले. त्यांनी बैठकीकडे पाहिलेदेखील नाही. व्हॉल्व्ह अर्धा वर उचलून त्याचे डोके अंगठा आणि तर्जनी यांत धरले, हलकेच डावीउजवीकडे हलविले, आणि म्हणाले, “ह्याची गाईड खल्लास आहे. तुम्ही पाटी पुसत बसला आणि खडू कुठं तुटलाय ते बघितलंच नाही.” मग त्यांनी जात्याचा दाखला दिला. त्यांच्या लहानपणी जात्याला टाकी लावणारी बाई दारावर आली म्हणजे टाकी हातात घेण्यापूर्वी मधला लोखंडी खिळा हलवून पाहत असे. खिळा ढिला असेल तर दगडावर कितीही नेटके घाव घातले तरी पीठ एका अंगाने जाड आणि एका अंगाने बारीक पडावयाचे, हे तिला ठाऊक होते. व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून वरखाली सरकतो ती गाईड म्हणजे या यंत्रातला तो खिळा होय. हाताने घोटताना व्हॉल्व्ह बैठकीच्या आधाराने आपोआप मध्यावर येतो आणि सर्वत्र टेकल्यासारखा दिसतो; इंजिनात मात्र रॉकर त्याला एका बाजूस रेटतो, ढिल्या गाईडमध्ये तो कलतो, तापून फुगतो, आणि ओट्यावर जुळलेली वर्तुळे तेथे जुळत नाहीत.

त्या दिवशी जे उमगले तेच या पुस्तिकेचे सूत्र आहे. बैठक हे एकटे वर्तुळ नव्हे. गाईड, व्हॉल्व्ह आणि बैठक या तिघांनी एकाच मध्यावर केलेला तो करार आहे. म्हणून हत्याराची योग्यता त्याच्या धारेवरून ठरवू नये. ते कोणत्या मध्यावर उभे राहते यावरून ठरवावी. आणि याला जोडूनच दुसरी गोष्ट: बैठकीतील धातू काढता येतो, परत घालता येत नाही. या खात्यात खर्चाचीच बाजू आहे, जमेची नाही. सबब कमीत कमी धातू काढून काम भागविणारे हत्यार तेच उत्तम, मग ते दुकानातील फळीवर कितीही साधे दिसो.

या सूत्राप्रमाणे पाहू गेल्यास खरेदीची सुरुवात कटरपासून होतच नाही. प्रथम हवीत ती पाहण्याची हत्यारे: दांड्याचा व्यास ठिकठिकाणी मोजावयास मायक्रोमीटर, गाईडचा आतील व्यास घ्यावयास लहान भोकांचा गेज, डायल आणि त्याचा स्टँड, निळ्या रंगाची ट्यूब, एक मऊ शिसपेन्सिल आणि बाटलीभर रॉकेल. यांतील पेन्सिलीची परीक्षा इतकी स्वस्त आणि इतकी निर्भीड आहे की तिचा उल्लेख येथेच करतो. व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर चार-चार मिलिमीटरवर आडव्या रेषा ओढाव्या, व्हॉल्व्ह बैठकीवर ठेवून पाव फेरी द्यावी आणि उचलून पाहावे. सर्व रेषा मध्येच पुसल्या गेल्या असतील तर वर्तुळ पुरे आहे, एका बाजूच्या रेषा शाबूत राहिल्या असतील तर त्या बाजूस बैठक व्हॉल्व्हला स्पर्शच करीत नाही. निळा रंग हाच जबाब अधिक तपशिलाने देतो, कारण त्यावरून पट्ट्याची रुंदी आणि तो चेहऱ्याच्या मध्यावर पडतो की कडेला, हेही कळते. गाईडमध्ये बसविलेल्या पायलटवर (त्याची ओळख पुढे येते) डायल बसवून बैठकीभोवती काटा फिरविला असता एकंदर फरक 0.05 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. रॉकेलची साक्ष ग्राह्य आहे, पण एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये, हे माझ्या बुलेटने मला शिकविले आहे.

यानंतरचा मान पायलटचा. पायलट म्हणजे गाईडमध्ये घट्ट बसणारा आणि कटरला मध्य दाखविणारा पोलादी दांडा. तो दोन जातींचा असतो: एक किंचित निमुळता अखंड, जो दाबला की गाईडमध्ये रुतून बसतो, आणि दुसरा फुगणारा, जो स्क्रू आवळून गाईडच्या मापाएवढा करता येतो. अखंड पायलट अधिक ताठ, फुगणारा अधिक सोयीचा. परंतु झिजलेल्या गाईडमध्ये दोघेही थापच मारतात, एक ढिला राहून आणि दुसरा वेड्यावाकड्या भोकात भलत्याच ठिकाणी आधार शोधून. ज्याच्याजवळ एकच इंजिन आहे त्याने आपल्या गाईडच्या नेमक्या मापाचा अखंड पायलट घ्यावा, आणि गाईड मर्यादेबाहेर झिजली असेल तर ती बदलून, नवी गाईड रीमरने मापाला आणल्यावरच बैठकीला हात लावावा, अशी माझी ताकीद आहे. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा करावे लागते, आणि दुसऱ्या वेळी काढण्यापुरता धातू शिल्लक असेलच असे नाही.

आता घोटण्याच्या काठीविषयी. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला 1891 साली विजेच्या भट्टीत कार्बोरंडम गवसले, आणि त्याच्या कणांचे तेलात किंवा ग्रीसमध्ये केलेले मलम आज खेडोपाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. या मलमावर माझा राग नाही. नव्याने कापलेल्या बैठकीवर बारीक पेस्टचा किंचित हात फिरवून पट्टा कोठे पडतो ते पाहणे, किंवा निरोगी बैठकीवरील मळ काढणे, एवढे काम ते चोख करते. खळगे बुजविणे हे त्याचे काम नव्हे, कारण ते बैठकीइतकाच व्हॉल्व्हही खाते आणि दोघांनाही परस्परांच्या खाचेत बसविते. काठी घ्यावयाची तर लाकडी दांड्याची, हाताने फिरविण्याची घ्यावी. ताक घुसळताना रवी जशी मागेपुढे फिरते तशी ती तळव्यांत फिरवावी, आणि दर काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा ठेवावा. ड्रिल मशीनला जोडण्याच्या ज्या काठ्या मिळतात त्या एकाच दिशेने भरधाव फिरून गोल ओरखडे पाडतात. त्यांचा मोह टाळावा. काम झाल्यावर पेस्टचा कणही गाईडमध्ये राहू नये म्हणून रॉकेलने आणि मग साबणाच्या पाण्याने हेड धुणे हे कामाइतकेच महत्त्वाचे मानावे.

खरी निवड येते ती कटर आणि दगड यांच्यामध्ये. बैठकीचा मुख्य कोन बहुधा 45 अंशांचा, काही इंजिनांत इनलेटचा 30 अंशांचा असतो. आणि तो कापल्यावर पट्टा रुंद झाला तर वरच्या अंगाने 30 अंशांचा आणि खालच्या अंगाने 60 अंशांचा हात देऊन तो अरुंद करतात. वरचा कोन पट्ट्याची बाहेरची कड आत आणतो, खालचा कोन आतली कड बाहेर नेतो. या दोहोंच्या साहाय्याने पट्टा व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावर हवा तेथे सरकविता येतो, हे ज्याला समजले त्याला निम्मी विद्या आली. काही कारखाने बैठक आणि व्हॉल्व्ह यांच्या कोनांत अर्धा ते एक अंश फरक मुद्दाम ठेवतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून स्पर्श एका बारीक रेषेवर होतो. तेथे पेस्टने घोटणे म्हणजे तो फरक पुसून टाकणेच होय. तेव्हा एका कोनाचा कटर घेऊन भागत नाही. तीन कोनांची सोय पाहावी लागते.

साध्या हायस्पीड पोलादाचे दातेरी कटर स्वस्त मिळतात, मऊ बिडावर ठीक चालतात, परंतु त्यांचे माप ठराविक, धार लवकर बोथट, आणि हात जरा चुकला की बैठकीवर दात्यांच्या ठशांची लहर उठते, जिला मिस्त्री लोक ‘चॅटर’ म्हणतात. कार्बाइडची पाती असलेले, पाती मागेपुढे सरकवून वेगवेगळ्या व्यासांना जुळविता येणारे कटर महाग पडतात. तथापि हातानेच फिरवावयाचे, वीज नको, ठिणग्या नकोत, आणि पाते बोथट झाले तर पातेच बदलावयाचे, अशी त्यांची व्यवस्था असल्याने घरच्या कारागिरास मी त्यांचीच शिफारस करतो. त्यांना हाताळण्याचे नियम थोडे पण अढळ आहेत: दाब हलका आणि सर्व बाजूंनी सारखा, फिरविणे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच, उलट कधीही नाही, आणि कार्बाइड ठिसूळ असल्याने कटर फरशीवर पडू देऊ नये. सहसा दोन-चार फेऱ्यांत खळगे जातात. दहा फेऱ्या माराव्या लागल्या तर थांबून कारण शोधावे.

दगडाची बाजूही मांडली पाहिजे. कोबाल्टाच्या स्टेलाइट जातीच्या मिश्रधातूच्या किंवा अन्य कठीण बैठकांवर पोलादी कटर घसरतो. तेथे मोटारीवर फिरणारा घासण्याचा दगडच न्याय देतो आणि सफाईही सुरेख आणतो. परंतु प्रत्येक बैठकीपूर्वी त्या दगडाचा कोन हिऱ्याच्या टोकाने पुन्हा साधावा लागतो, मोटार आणि हिऱ्याचे साधन मिळून खर्च वाढतो, आणि धूळ उडते ती निराळीच. घरी एकदोन हेडांसाठी ही तजवीज करणे म्हणजे एका लग्नासाठी कार्यालय बांधणे होय. कठीण बैठका आल्या कशा, हेही येथे सांगितले पाहिजे. थॉमस मिजली यांनी 1921 साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून इंजिनाची ठकठक थांबविली, आणि त्या शिशाचा एक पातळ थर योगायोगाने एक्झॉस्टच्या बैठकीचे रक्षण करू लागला. पुढे त्याचे विषारीपण ध्यानात येऊन भारतातही 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हा बिडाच्या हेडातच कापलेल्या जुन्या मऊ बैठका उघड्या पडल्या आणि जोराच्या वापरात खोल जाऊ लागल्या. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने हत्यार निवडण्यापूर्वी आपली बैठक हेडाचाच भाग आहे की बाहेरून बसविलेले कडे आहे, आणि कडे असल्यास ते कोणत्या धातूचे, याची खातरजमा करून घ्यावी.

कटर कितीही उत्तम असो, प्रत्येक फेरीचे बिल दुसरीकडे फुटते. बैठक जितकी खाली जाते तितका व्हॉल्व्ह बुडतो आणि त्याचा दांडा पलीकडे तितकाच वर येतो. त्यामुळे टॅपेटचे अंतर घटते, स्प्रिंगची बसलेली उंची वाढून तिचा जोर कमी होतो आणि खाली चकती घालावी लागते. डिझेल इंजिनात तर बुडालेला व्हॉल्व्ह ज्वलनकक्षाचे घनफळ वाढवून कॉम्प्रेशनच उणे करतो, आणि थंडीच्या सकाळी इंजिन उठता उठत नाही. तसेच व्हॉल्व्हचा चेहरा घासून घेताना त्याची कड सुमारे एक मिलिमीटर तरी जाड राहिली पाहिजे. सुरीसारखी पातळ झालेली कड तापून लाल होते आणि जळते. म्हणून मोजमापाची एक वही ठेवावी, आणि हत्यार उचलण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा तीत लिहावा.

घरी जे करूच नये त्याची नोंदही येथे केली आहे. झिजून खोल गेलेले कडे काढून नवे ठोकणे हे हेड तापविण्याचे, कडे थंड करण्याचे आणि शतांश मिलिमीटरच्या हिशेबाचे काम आहे. ते मशीन शॉपकडेच सोपवावे. बेरिलियमयुक्त तांब्याच्या बैठकांची धूळ फुप्फुसांस घातक असते. तशी शंका असली तरी दगड लावू नये. पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह कापून किंवा फोडून पाहण्याचे कुतूहल आवरावे, कारण त्या धातूची पाण्याशी गाठ पडली तर परिणाम भयंकर होतो. डोळ्यांवर चष्मा हवा, हे सांगण्याची वेळ येऊ नये. पण मी स्वतः तो कित्येक वर्षे लावला नाही, म्हणून सांगतो.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे: प्रथम पाहणे आणि मोजणे, मग गाईड व पायलट, नंतर कटर आणि दगड, शेवटी परीक्षा व जुळवणी. यंत्रशाळेतील पदवीधरास येथे नवे काही सापडणार नाही. ज्याच्याजवळ एक इंजिन, एक ओटा आणि रविवारची सुट्टी आहे त्याच्यासाठी हे लिखाण आहे. ज्या मिस्त्रींनी मला व्हॉल्व्ह हलवून पाहावयास शिकविले त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, फक्त माझी पेस्टची डबी ठेवून घेतली.

वाचकांना एकच विनंती. एका इंजिनापुरते काम असेल आणि बैठका खरोखर कापावयाच्या असतील, तर हेड जवळच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये नेणे स्वस्त पडेल, आणि त्यात कमीपणा मानू नये. वर्षाकाठी तीनचार हेडे हाताखालून जाणार असतील तरच कार्बाइड कटर घ्यावा. परंतु या दोहोंपैकी काहीही ठरविण्यापूर्वी व्हॉल्व्ह अर्धा वर उचलून, त्याचे डोके दोन बोटांत धरून, एकदा हलवून पाहावे.